बुडालं तेच उरलं

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बोद्रुम नावाचं बंदर आहे. ग्रीक काळात हेच हालिकार्नासस. इतिहासलेखनाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो हेरोडोटस इथलाच. जगातल्या सात प्राचीन आश्चर्यांपैकी एक याच गावात होतं, म्हणून ते पाहायला प्रवासी मोठ्या उत्साहाने जातात आणि एका मोठ्या खड्ड्यापाशी येऊन थांबतात. खड्ड्यात काही पायऱ्या, खांबांचे विखुरलेले तुकडे आणि जमिनीखालच्या काही वाटा दिसतात. बाकीचं आश्चर्य कुठे गेलं, असं विचारलं तर बंदराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या किल्ल्याकडे बोट दाखवलं जातं. किल्ल्याच्या भिंतीत ते चिणलेलं आहे.

आज त्याच किल्ल्यात बोद्रुमचं पुरातत्त्व संग्रहालय आहे. समुद्राच्या तळातून काढलेल्या वस्तूंचं एवढं समृद्ध संग्रहालय जगात क्वचितच सापडेल. म्हणजे भिंतीत एक आश्चर्य मोडून बसवलेलं, आणि त्या भिंतींच्या आत साडेतीन हजार वर्षांपासूनच्या बुडालेल्या जहाजांचा माल जसाच्या तसा मांडलेला. जमिनीवरचं नाहीसं झालं आणि पाण्यातलं शिल्लक राहिलं. हे असं उलटं कसं झालं, हे समजून घेतलं की पुरातत्त्वाबद्दलच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

संगमरवराचा चुना

मॉसोलस हा इराणी साम्राज्याच्या वतीने कारिया प्रांतावर राज्य करणारा सुभेदार. इ.स.पू. 353 मध्ये तो वारला. त्याचं थडगं म्हणजेच ते आश्चर्य. त्याची बहीण आणि राणी आर्टेमिसिया हिच्या काळात ते उभं राहत होतं. रोमन लेखक प्लिनीने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे: उंच जोतं, त्यावर 36 खांब, वर 24 पायऱ्यांचा पिरॅमिड आणि शिखरावर चार घोड्यांचा संगमरवरी रथ. एकूण उंची सुमारे 45 मीटर. स्कोपास, ब्रायाक्सिस, लेओखारेस आणि तिमोथेओस या त्या काळच्या नामवंत शिल्पकारांनी त्यावर काम केलं होतं.

मध्ययुगात भूकंपाने ही इमारत कोसळली, पण दगड जागच्या जागी होते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट जॉनचे ख्रिस्ती सरदार इथे आले. रोड्स बेट ही त्यांची राजधानी. 1402 मध्ये तैमूरने स्मर्ना, म्हणजे आजचं इझमिर, त्यांच्याकडून हिसकावलं. त्यानंतर त्यांना या किनाऱ्यावर दुसरं ठाणं हवं होतं. हालिकार्नाससच्या बंदरातल्या खडकावर त्यांनी सेंट पीटरच्या नावाने किल्ला बांधायला घेतला. सरदार युरोपातल्या वेगवेगळ्या भागांतून आलेले होते, म्हणून बुरुजांची नावंही तशीच पडली: इंग्रज बुरूज, फ्रेंच बुरूज, जर्मन बुरूज, इटालियन बुरूज. त्यांच्या घराण्यांची चिन्हं भिंतींवर आजही कोरलेली दिसतात. घडीव दगडांची आयती रास जवळच पडलेली असताना नवी खाण कोण खोदणार?

सगळ्यात मोठी लूट शेवटच्या टप्प्यात झाली. 1522 मध्ये सुलतान सुलेमान रोड्सवर चालून आला तेव्हा सरदारांनी घाईघाईने किल्ल्याची डागडुजी सुरू केली. त्यांना चुना हवा होता. शोधताना जमिनीतून पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या वर आल्या. त्या भट्टीत गेल्या. आणखी खोदल्यावर एक दालन लागलं. सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच वृत्तांतात पुढचा प्रसंग आहे. दालनात सुंदर उठावशिल्पं होती. लोकांनी ती बराच वेळ निरखली, वाखाणली आणि मग फोडून बाकीच्या दगडांच्या मागोमाग भट्टीकडे पाठवली. आत आणखी एक खोली होती आणि तिच्यात थडगं. संध्याकाळ झाली म्हणून माणसं परतली. सकाळी येऊन पाहतात तो कुणीतरी आधीच हात मारून गेलेलं; जमिनीवर जरीच्या कापडाचे तुकडे आणि सोन्याच्या टिकल्या पडलेल्या.

शिल्प फोडून चुना का करायचा? संगमरवर म्हणजे रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. तो सुमारे 900 अंश सेल्सियसला तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतून तो विरवला आणि वाळूत कालवला की भिंतीचा गारा तयार. दगड जितका शुद्ध तितका चुना चांगला. त्यामुळे उत्तम शिल्पकाराने निवडलेला उत्तम संगमरवर हा भट्टीवाल्याच्या दृष्टीनेही पहिल्या प्रतीचा माल. इमारतीच्या गाभ्यातला हिरवट ज्वालामुखी खडक चुन्यासाठी निरुपयोगी, म्हणून त्याचे चिरे सरळ भिंतीत गेले. किल्ल्याच्या तटात ते हिरवट चिरे आजही ओळखू येतात.

एवढं करूनही किल्ला वाचला नाही. रोड्स पडल्यावर जानेवारी 1523 मध्ये तो लढाई न करताच उस्मानी तुर्कांच्या हाती आला. सरदारांनी भिंतीत शोभेसाठी बसवलेले काही कोरीव पट्ट 1846 मध्ये इंग्रज राजदूताने सुलतानाच्या परवानगीने काढून लंडनला नेले. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी चार्ल्स न्यूटनने खड्ड्याची जागा शोधून काढली आणि तिथली शिल्पंही ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली. भट्टी, भिंत आणि लंडन अशी एका आश्चर्याची तीन ठिकाणी वाटणी झाली.

मोडीत गेलेला इतिहास

सरदारांना रानटी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते जे करत होते, तेच जगभर सगळे करत आले आहेत. आपल्याकडे जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवी घेतात. आजीच्या घंगाळाचं काय झालं, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच असतं. धातू महाग, भांडं फुटलं तरी धातू फुटत नाही, तो पुन्हा वितळतो. त्यामुळे शहाण्या संसारात धातू वाया जात नाही. आणि शहाणा संसार हा पुरातत्त्वाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

उत्खननात मडक्याची खापरं ढिगाने मिळतात, कारण फुटलेल्या मडक्याचं पुन्हा मडकं होत नाही. ते फेकावंच लागतं. तांब्याचं आणि ब्राँझचं तसं नाही. ज्या काळाला आपण ब्राँझयुग म्हणतो, त्या काळातला कच्चा धातू जमिनीवर फारसा सापडत नाही. थडग्यात ठेवलेलं किंवा संकटात पुरून विसरलेलं तेवढं मिळतं. बाकीचं पिढ्यान्‌पिढ्या आटवलं गेलं. एखाद्या घरात पडलेल्या पितळी कडीत हजारो वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडीचा अंश असू शकेल, पण ती कुऱ्हाड काही परत मिळत नाही.

या चक्राबाहेर जाण्याचा एक खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे जहाज बुडणं. पन्नास मीटर पाण्याखाली गेलेला माल कुणी काढू शकत नव्हतं. आटवणारा सोनार नाही, चोर नाही, चुन्याची भट्टी नाही. शिवाय घरातल्या वस्तू वेगवेगळ्या काळातल्या एकमेकांत मिसळलेल्या असतात. जहाजावरचा सगळा माल मात्र एकाच दिवशी एकाच वेळी खाली जातो. कोणता माल कोणत्या मालाबरोबर कुठे चालला होता, हे तिथे दिसतं.

स्पंज काढणारे पाणबुडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोद्रुम हे गरीब, आडबाजूचं गाव होतं. उस्मानी काळाच्या अखेरीस किल्ल्याचा तुरुंग झाला होता. पहिल्या महायुद्धात फ्रेंच युद्धनौकेने त्यावर तोफा डागल्या. 1925 मध्ये जेवात शाकिर या लेखकाला शिक्षा म्हणून इथे हद्दपार केलं गेलं. त्याला गाव इतकं आवडलं की शिक्षा संपल्यावर तो इथेच येऊन राहिला आणि ‘हालिकार्नाससचा कोळी’ या टोपणनावाने इथल्या समुद्रावरच्या माणसांबद्दल लिहीत राहिला.

ही माणसं समुद्राच्या तळावरचे स्पंज काढून विकायची. पितळी शिरस्त्राण घालून, होडीवरून नळीने येणाऱ्या हवेच्या भरवशावर पाणबुडे तीस-चाळीस मीटर खाली उतरायचे. घाईने वर आलं की अपंगत्व येई, कधी जीव जाई. पण तळाची खडान्‌खडा माहिती याच लोकांना होती. त्यांना खाली रांजणांचे ढीग दिसायचे. एखादा रांजण वर आणून पाणी भरायला वापरायचा, एवढाच त्याचा उपयोग.

1958 मध्ये पीटर थ्रॉकमॉर्टन हा अमेरिकन पत्रकार-छायाचित्रकार बोद्रुमला आला. केमाल आरास या स्पंजहोडीच्या कप्तानाशी त्याची दोस्ती झाली. हिवाळाभर पाणबुड्यांशी गप्पा मारत त्याने बुडालेल्या जहाजांच्या जागा टिपून घेतल्या. एका बोलण्यात केमालने सहज सांगितलं की गेलिदोन्याच्या टोकाजवळ धातूच्या पत्र्यांसारखे तुकडे एकमेकांना चिकटून पडलेले आहेत. पुढच्या हंगामात सुरुंगाने फोडून भंगारात विकायचा विचार आहे. थ्रॉकमॉर्टनचे कान टवकारले. सुरुंग टळला.

1960 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा तरुण अभ्यासक जॉर्ज बास तिथे उत्खननाला आला. तोवरची पद्धत अशी, की पाणबुड्याने वस्तू वर आणायच्या आणि अभ्यासकाने होडीत बसून त्या पाहायच्या. बासचं म्हणणं साधं होतं: खोदणाऱ्याने स्वतः खाली उतरलं पाहिजे. तो त्याच सुमारास पाण्याखाली उतरायला शिकला होता. सुमारे 27 मीटर खोलीवर त्याने जमिनीवरच्या शिस्तीने नकाशा काढला, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली आणि मगच ती हलवली. समुद्रतळावर पूर्णपणे शास्त्रशुद्ध रीतीने उत्खनन झालेलं हे पहिलं प्राचीन जहाज.

ते इ.स.पू. 1200 च्या सुमाराचं होतं. माल काय, तर तांब्याच्या लगडी आणि टोपल्या भरून मोडकी ब्राँझची अवजारं. आटवण्यासाठी चाललेली मोड! तिचं चक्र बुडाल्यामुळे थांबलं, आणि 3,200 वर्षांनी केमालच्या सुरुंगाने ती पुन्हा भंगारात जाणार होती, ती दुसऱ्यांदा वाचली. या वस्तू ठेवायला जागा हवी होती, आणि गावात रिकामी मोठी वास्तू एकच होती: तो किल्ला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे संग्रहालय सुरू झालं.

कान असलेली बिस्किटं

बास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे एक साधी युक्ती चालवली. बंदराबंदरांत जाऊन पाणबुड्यांना लगडींची चित्रं दाखवायची आणि सांगायचं की असं काही दिसलं तर कळवा. 1982 मध्ये मेहमेत चाकिर या पाणबुड्याने आपल्या कप्तानाला सांगितलं की उलुबुरुनच्या कड्याखाली ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ पडली आहेत. कप्तानाने चित्र पाहिलेलं होतं. त्याला लगेच कळलं.

ती ‘बिस्किटं’ म्हणजे तांब्याच्या लगडी. संग्रहालयात त्या रांगेने मांडल्या आहेत. चार कोपरे बाहेर ओढल्यासारखे, मधली बाजू आत दबलेली, साधारण पसरलेल्या कातड्याचा आकार. त्यामुळे पूर्वी काहींना वाटायचं की एक लगड म्हणजे एका बैलाची किंमत. आता समजतं ते असं, की कोपरे हे मुठी आहेत. सरासरी 24 किलोचा तो गोळा दोन हातांनी उचलता यावा आणि जनावराच्या पाठीवर बांधता यावा, यासाठी तो आकार. इजिप्तच्या थडग्यांतल्या भित्तिचित्रांत माणसं अशाच लगडी खांद्यावर घेऊन चाललेली दिसतात. समुद्राने लगडींचा वरचा थर खाऊन हिरवा केला आहे, पण काहींच्या पाठीवर कोरलेल्या खुणा अजून दिसतात.

उलुबुरुनचं उत्खनन 1984 ते 1994 अशी अकरा वर्षं चाललं. आधी बासने आणि नंतर जेमाल पुलाक याने ते चालवलं. जहाज 44 ते 52 मीटर खोलीवर, उतारावर पडलेलं होतं. काही वस्तू 61 मीटरपर्यंत घरंगळल्या होत्या. एवढ्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सहापट होतो. श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो, डोकं बधिर होतं, आणि झटकन वर आलं तर सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. म्हणून प्रत्येकाला एका खेपेत वीसेक मिनिटंच काम, तेही दिवसातून दोनदा. नंतर वर येताना मध्येच थांबून शुद्ध प्राणवायू घ्यायचा. अशा एकूण 22,413 बुड्या मारल्या गेल्या.

हाती आलं ते चकित करणारं होतं. जहाज इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचं, सुमारे 15 मीटर लांब, देवदार जातीच्या लाकडाचं. फळ्यांच्या काठांना खाचा पाडून त्यांत ओकच्या चपट्या पट्ट्या बसवून खुंट्या ठोकलेल्या. त्यावर दहा टन तांबं आणि एक टन कथील. ब्राँझ करायला तांब्या-कथिलाचं हेच दहास एक प्रमाण लागतं. म्हणजे अकरा टन ब्राँझचा कच्चा माल एका जहाजात. तांब्यातल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासलं तेव्हा ते सायप्रस बेटाच्या खाणींशी जुळलं. कथिलाचं कोडं मात्र बरीच वर्षं सुटत नव्हतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यातलं सुमारे एक तृतीयांश कथील मध्य आशियातल्या मुशिस्तानच्या खाणींतलं, म्हणजे आजच्या ताजिकिस्तानातलं, असा निष्कर्ष निघाला. उरलेलं बरंचसं तुर्कस्तानातल्याच टॉरस डोंगरांतलं. तीन हजार किलोमीटरहून लांबच्या डोंगरातला धातू हातोहात सरकत भूमध्य समुद्रापर्यंत आला होता.

बाकी मालाची यादी वाचताना नकाशा समोर ठेवावा लागतो. निळ्या, आकाशी आणि जांभळट काचेच्या पावणेदोनशे चकत्या. त्यांची रासायनिक घडण इजिप्तच्या काचेशी जुळते. सुमारे दीडशे रांजण, बहुतेकांत एका झाडाचा सुगंधी डिंक. आफ्रिकेतलं काळं लाकूड, हत्तीचा दात, पाणघोड्याचे दात, शहामृगाच्या अंड्याची कवटी. बाल्टिक समुद्राकाठचे अंबरचे मणी. सायप्रसची मातीची भांडी मोठ्या रांजणात एकात एक रचून ठेवलेली. जहाजाचे 24 दगडी नांगर. खाण्याच्या पदार्थांत बदाम, अंजीर, ऑलिव्ह, डाळिंब, आणि चक्क धने.

डाळिंबं ज्या रांजणात होती त्यातच एक छोटी दुघडी पाटी सापडली. लाकडाच्या दोन फळ्या, मध्ये हस्तिदंती बिजागरी. फळ्यांच्या खोलगट भागात मेण भरून त्यावर टोकदार काडीने लिहायचं. मेण विरघळून गेलं आहे, मजकूर नाही, तरीही ही जगातली सगळ्यात जुनी ज्ञात लेखनपाटी ठरली. संग्रहालयातल्या कपाटात एक बोटाच्या पेराएवढा सोन्याचा भुंगा ठेवला आहे. त्याच्या पोटावर इजिप्तची राणी नेफर्तिती हिचं नाव कोरलेलं आहे. तिच्या नावाचा सोन्याचा हा एकच भुंगा ज्ञात आहे. पण राजघराण्याने तो भेट म्हणून पाठवला असेल, ही कल्पना अभ्यासकांना पटत नाही. जहाजावर कापलेले, दुमडलेले सोन्याचे तुकडेही मिळाले. काहींच्या मते नेफर्तितीच्या काळानंतर तिच्या नावाला किंमत उरली नव्हती, सोन्याला होती. भुंगा सोनाराच्या मुशीकडेच निघाला असावा.

जहाजावर माणसं कोण होती, तेही वस्तूंवरून उलगडलं. तागडीची सुमारे दीडशे वजनं सापडली. त्यांतली काही बैल, सिंह, बेडूक अशा आकारांची. वजनांचे संच निरनिराळे मोजले तर साधारण चार व्यापारी असावेत, असा पुलाकचा अंदाज. ग्रीक मायसिनी पद्धतीच्या तलवारी, मुद्रा आणि मणी जोडीजोडीने मिळाले, म्हणून दोन मायसिनी माणसं बरोबर होती असं मानतात. आणि एक बिनतिकिटाचा उतारूही होता. तिथे एका घरउंदराचा जबडा सापडला. दातांच्या घडणीवरून तो सिरियाच्या उत्तर किनाऱ्याकडचा ठरला, म्हणजे जहाजाने तिथल्या बंदरात माल चढवला असणार.

फुटकी काच, रिकामा गंज

उलुबुरुनचं सोनं प्रसिद्ध असलं तरी मोडीचं चक्र सगळ्यात स्पष्ट दिसतं ते काचेच्या जहाजात. सेर्चे लिमानच्या छोट्या खाडीत 1025 च्या सुमारास एक जहाज बुडालं. त्यावर सुमारे तीन टन काच होती: दोन टन कच्ची काच आणि एक टन फुटके पेले, बाटल्या, वाडगे. इजिप्त-सिरियाकडच्या इस्लामी कारखान्यांतला हा कचरा बायझंटाइन मुलखात आटवायला चालला होता. जुनी काच टाकली की नवी काच कमी उष्णतेला वितळते, म्हणून तिला मागणी होती. 1977 ते 1979 मध्ये उत्खनन झालं तेव्हा तुकड्यांची संख्या पाच ते दहा लाखांच्या घरात गेली. पुढची कित्येक वर्षं बोद्रुमच्या किल्ल्यात माणसं बसून तुकडे जुळवत होती. आकार, रंग, काचेची जाडी, नक्षी पाहून गठ्ठे करायचे आणि मग एकेक भांडं उभं करायचं. ज्या काचेचं भवितव्य भट्टी होतं, तिच्यातून अकराव्या शतकातल्या इस्लामी काचकामाचा सगळ्यात मोठा संदर्भसंग्रह तयार झाला. जहाजाची तारीखही काचेनेच सांगितली. फातिमी खलिफांच्या नावाची काचेची वजनं बरोबर होती.

त्या जहाजाचा लाकडी सांगाडा आज किल्ल्यातल्या खास दालनात उभा आहे. हजार वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड ओलं असेपर्यंत घट्ट दिसतं. त्यातली पेशींची भिंत मात्र पोखरलेली असते. पोकळ झालेली जागा पाण्याने भरलेली असते. उन्हात ठेवलं तर पाणी उडतं आणि लाकूड चिरफळ्या होऊन आक्रसतं. म्हणून ते मोठ्या टाक्यांत ठेवून त्यातलं पाणी हळूहळू काढून जागी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ भरायचा. त्याला वर्षंच्या वर्षं लागतात. नंतरही दालनातली आर्द्रता सांभाळावी लागते.

लोखंडाची गत याहून वेगळी. यास्सी आदा या बेटाजवळ सातव्या शतकातलं एक बायझंटाइन जहाज 1961 ते 1964 मध्ये खोदलं गेलं. त्यावर सुमारे नऊशे रांजण होते, आणि तागडीच्या दांडीवर मालकाचं नाव: गेओर्गिओस, पाद्री आणि नाखवा. जहाजावर लोखंडी अवजारंही होती, पण हाती आले ते दगडासारखे ओबडधोबड गोळे. लोखंड गंजताना भोवती वाळू आणि चुनखडी चिकटत जाते; शेवटी आतलं लोखंड पूर्ण विरून जातं आणि गोळ्यात पोकळी राहते. संशोधकांनी ते गोळे करवतीने कापले, आतला गंज धुतला आणि पोकळीत रबर ओतलं. गोळा फोडल्यावर आत कुऱ्हाड, कुदळ, सुताराची हत्यारं जशीच्या तशी निघाली. लोखंडाचा कणही उरला नव्हता, तरी हत्याराच्या पात्यावरची झीज दिसत होती.

आपल्या किनाऱ्यावर

बोद्रुमशी आपला दुवा दूरचा वाटेल, पण गोव्यात तो अगदी सरळ लागतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1980 च्या दशकात एस. आर. राव यांच्या पुढाकाराने पाण्याखालचं पुरातत्त्व सुरू केलं. द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रात दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची खडकावर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात लोखंडी तोफा, चिनी मातीची भांडी, आणि हत्तीचे दात व पाणघोड्याचे दात होते. उलुबुरुननंतर तीन हजार वर्षांनी, वेगळ्या समुद्रात, आफ्रिकेतला तोच माल पुन्हा बुडाला होता.

आपल्या किनाऱ्यावर नाखव्यांच्या आणि मच्छीमारांच्या जाळ्यात काय काय येतं, याची नोंद फारशी होत नाही. जाळं अडकतं म्हणून एखादी जागा टाळली जाते; तिथे काय आहे हे त्या गावाला माहीत असतं, पुस्तकाला नसतं. बोद्रुमचं संग्रहालय ज्या माणसांमुळे उभं राहिलं, त्यांना पुरातत्त्व शिकवलेलं नव्हतं. त्यांना एक चित्र दाखवलं गेलं होतं आणि कुणाला सांगायचं ते माहीत होतं. लगड सुरुंगाने उडण्याआधी किंवा काट्यावर चढण्याआधी एवढं पुरेसं ठरलं. जुन्या वस्तू आटवणं, फोडणं, भिंतीत बसवणं हा माणसाचा स्वभाव आहे आणि कायद्याने तो फारसा बदलत नाही. आपल्या बंदरांतही कुणी असंच चित्र घेऊन फिरलं, कोळ्यांच्या वस्तीत बसून ऐकलं, आणि सांगणाऱ्याला मान आणि मोबदला दिला, तर पुढची लगड भंगारात जाणार नाही.